निळा वाडगा
कुठलंही भांडं हाती आलं की मी ते उलटं करून तळाची कारागिराची खूण बघते. परवा दुकानात एका वाडग्याखाली ओळखीची खूण दिसली आणि कोरपन्याजवळची आमची सिमेंट कारखान्याची कॉलनी आठवली. यंत्रं बसवायला आलेल्या डॅनिश इंजिनिअरांच्या बायका परत जाताना हाताने घडवलेली जुनी मातीची भांडी आईला द्यायच्या. तिने सहा वाडगे जमवले होते. एका दुपारी बाबा कारखान्यातून तडक आले आणि एकेक वाडगा भिंतीवर फोडू लागले. "गोऱ्यांची उष्टी भांडी गोळा करतेस! लोक हसतात मला!" कामाच्या बाई दारातून ओरडल्या, "साहेब, काऊन फोडून राह्यले जी? मातीनं तुमचं का बिघडवलं?" शेवटचा निळा वाडगा आईने पोटाशी धरला. बाबांनी तिचा हात पिरगळला. मनगटाचं हाड कट्कन वाजलं आणि वाडगा चटईवर पडला. एरवी मी पाहुण्यांसमोर तोंडही उघडत नसे, पण तो उचलून मी बाबांच्या कपाळावर हाणला. रक्त आलं. वाडग्याला तडाही गेला नाही. आजही आई वाकड्या मनगटाने त्याच वाडग्यात बाबांना दही वाढते, आणि ते माझ्याकडे न बघता खातात.