लाल जरा कमी करा

टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या बायकोला अख्खी गल्ली ‘पट्टीवाली’ म्हणायची. तिच्या विणकामात फूल नाही, पान नाही, नुसत्या उभ्या पट्ट्या. पांढरी, पिवळी, आकाशी, हिरवी, राणी, लाल, निळी. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी टीव्हीवर दिसतात त्याच, त्याच क्रमाने. दुसरं काही ती बघणार तरी कुठून? लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि त्यातली बरीचशी त्या पट्ट्यांसमोर उभं राहण्यात गेली होती.

काम असं चालायचं. नवरा टीव्हीच्या मागे डोकं घालून स्क्रूड्रायव्हरने रंग जुळवायचा आणि ती पडद्यापुढे उभी राहून सांगायची, “लाल जरा कमी करा. अजून. बास, बास, गेला!”

शेजारचा सलूनवाला हसायचा. “दादा, पडद्यासमोर ठेवायला माझ्याकडचा एखादा आरसा देऊ का? वहिनी सुटतील बिचाऱ्या.”

“आरशाला तोंड नसतं,” नवरा तिथूनच म्हणायचा.

खरी गोष्ट त्या दोघांनाच ठाऊक होती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्याने पिकलेले म्हणून हिरवेकच्च टोमॅटो आणले, तेव्हा ती पोट धरून हसली होती. तो हसला नव्हता. लाल आणि हिरवा त्याला वेगळे दिसतच नव्हते. हे बाहेर फुटलं तर रंगीत टीव्ही त्याच्याकडे कोण देणार? तेव्हापासून ती माहेरीसुद्धा दोन दिवसांच्या वर राहिली नाही. घराला दार एकच, तेही दुकानातून. चप्पल पायात सरकवली की टीव्हीमागून आवाज यायचाच, “किती वेळ लागेल?”

अशात हस्तकला शाळेच्या मुख्याध्यापिकांनी तिच्या बहिणीकडे तिने विणलेली पट्ट्यांची चादर पाहिली. चादर मागून घेतली आणि ती हातात घेऊनच एका दुपारी घरी आल्या. सहा महिने मुलींना रंग शिकवायचे, राहायला शाळेचीच खोली.

“इतके नेमके रंग मी लोकरीत पाहिले नाहीत,” त्या म्हणाल्या. “येताय ना?”

सहा महिने. स्वतःची खोली, स्वतःची किल्ली. ‘हो’ अगदी जिभेवर आलं होतं, तेवढ्यात दुकानातून सलूनवाल्याचा आवाज चढला.

“दादा, ही बातम्यांतली बाई आजारी आहे का हो? काकडीसारखी हिरवी दिसतेय!”

ती आत बोलत बसली म्हणून त्याने एकट्यानेच रंग जुळवले होते. ती धावतच बाहेर आली, मागोमाग मॅडमही.

“हिरवी?” नवरा म्हणत होता. “चांगली तर दिसतेय.”

सलूनवाल्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. त्याचं हसू ओसरायला लागलं. “दादा, तुम्हाला खरंच…”

“माझीच चूक,” ती घाईने म्हणाली. “मघाशी मीच त्यांना चुकीचं सांगितलं. मला मेलीला लाल-हिरव्यातलं कधीकधी कळतच नाही.”

“वहिनी, मग माझ्याकडे कलप लावायच्या कामाला येऊ नका हं!” सलूनवाला खो खो हसला आणि टीव्ही न्यायला तासाभराने येतो म्हणून गेला.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चादर पुन्हा एकदा निरखली. “मग हे कसं विणता?”

“लोकरीच्या गुंड्यांवर नंबर असतात,” ती म्हणाली.

“अच्छा.” त्यांनी चादर घडी करून खुर्चीवर ठेवली. “मुलींना शिकवायचं म्हणजे… कळवते मी.”

नवरा त्यांना पोहोचवायला पायरीपर्यंत गेला. ती आतून बघत होती. त्याने तोंड उघडलं. मॅडम थांबल्याही.

“जपून,” तो म्हणाला, “पायरी जरा हलते.”

परत येऊन तो स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन नुसता उभा राहिला. “अगं, मी उद्या जाऊन सांगतो त्यांना.”

“काय सांगाल?”

ती पडद्यापुढे येऊन उभी राहिली.

“दार लोटा आधी,” ती म्हणाली. “काचेवर उजेड पडतोय.”