चपलेतला वरणभात

आमच्या अडीच वर्षांच्या मनूला कांजिण्या आल्या, तशी माझ्या आईने फ्लॅटच्या दाराला कडुनिंबाची डहाळी खोचली आणि मला बजावलं, “घरात देवी आलीय. पोरीवर ओरडायचं नाही.”

मनूच्या ते लगेच लक्षात आलं. अंगभर गुलाबी लोशन थापलेली ती सोफ्यावर मांडी ठोकून बसायची आणि हुकूम सोडायची. मी घोडा व्हायचो. एकदा तिने माझ्या चपलेत वरणभात कालवला, तरी आईने तिलाच हात जोडले, “शांत हो गं माय!” मला वाटलं, एरवी सारखी बोलणी खाणाऱ्या पोरांना निदान आजारपणात तरी निवांतपणा मिळावा, म्हणून कुणा शहाण्या बाईनेच ही देवी घरात आणली असणार.

मनू बरी झाली आणि मला कांजिण्या आल्या. मी आशेने सोफ्यावर आडवा झालो आणि चहा मागितला.

“घे की करून,” आई म्हणाली.

तेवढ्यात मनू आली. सुकलेली डहाळी तिने माझ्या पाठीवरून फिरवली, हात जोडले, “शांत हो गं माय” म्हणाली आणि नैवेद्य पुढे ठेवला. माझ्याच चपलेत तिच्या वाटणीचा सगळा वरणभात होता, तुपासकट.