त्याचा तेरावा आणि माझी कॉफी

मिलिंदची बदली पार वर, बर्फाच्या मुलखात झाली, तेव्हा आमच्या गल्लीच्या टोकाच्या मारुतीपुढे हात जोडून मी नवस बोलले होते. पोरगा सुखरूप घरी येईपर्यंत कॉफी सोडली!

चेन्नईत राहून कॉफी सोडणं काय असतं, ते चेन्नईत राहिलेल्यालाच कळेल. सकाळी दार उघडलं की डावीकडून फिल्टरचा वास, उजवीकडून फिल्टरचा वास, आणि मधे मी, हातात गरम पाण्याचा पेला.

मिलिंद लष्करात कॅप्टन. कामाबद्दल बोलायची त्याला सवय नाही. जाताना एवढंच म्हणाला होता, "आई, डोंगरात एक अतिरेकी म्होरक्या लपलाय. तो आटोपला की आमच्या तुकडीला रजा." आता कुणाच्या मरणाचा नवस कसा बोलायचा? म्हणून मी मारुतीला त्या माणसाचं नावसुद्धा सांगितलं नाही. पोरगा घरी आण, एवढंच म्हटलं. पुढचं त्याचं त्यानं बघावं.

नवस माझा एकटीचा. पण तो म्होरक्या मेल्याचं जाहीर करून सरकारने तो नवस इतक्या वेळा फेडायला घेतला, की नंगनल्लूरच्या आमच्या भजनी मंडळात नुसते किस्सेच किस्से साठले. आजही कुणी पाहुणी आली की मंगलाताई म्हणतात, "वहिनी, तो मेलेला माणूस सांगा ना!" मी विचारते, "कितव्यांदा मेलेला?"

*

पहिल्यांदा तो मेला एका शनिवारी दुपारी, आमच्या भजनाच्या वेळेला.

मंगलाताई म्हणजे आमच्या मंडळाच्या पेटीवाल्या. मिस्टर बँकेत, सोलापूरहून बदलून आलेले. टीव्हीवर जे दिसेल ते खरं, असा त्यांचा सरळ स्वभाव. धापा टाकत आल्या त्या हातात स्टीलचा टंबलर घेऊनच. "वहिनी, ब्रेकिंग न्यूज! मेला तो! मंत्र्यांनी स्वतः सांगितलं! आता मिलिंद आलाच म्हणून समजा! घ्या, कॉफी घ्या!"

माझे डोळे भरून आले. टंबलर हातात घेतला, तोंडापाशी नेला, आणि कोपऱ्यातून आवाज आला, "कोण पाह्यलं?"

त्या अक्का. तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या, वयाने आम्हा सगळ्यांच्या आईसारख्या. त्यांची मराठी तीनशे वर्षं तमिळ मुलखात मुरलेली. आमच्या बोलण्यात "कोणी पाहिलं" असतं, त्यांच्यात "कोण पाह्यलं".

"अहो अक्का, टीव्हीवर फोटो दाखवला!"

"मज दाखीव."

सगळ्या जणी टीव्हीसमोर. फोटोत धूर, दगड आणि एक दाढी. अक्कांनी चष्मा पुसला, नीट निरखलं आणि म्हणाल्या, "अय्यो! हे तर आमचे मैलापूरचे जावई!"

हसून हसून टाळ खाली पडले! त्या हसण्यात फोन वाजला. मिलिंद. "आई, बरी आहेस ना? रजेचं काही खरं नाही गं अजून."

मी टंबलर मंगलाताईंना परत दिला. भजन सुरू झालं.

*

दुसऱ्यांदा मेला, तेव्हा मंगलाताई कॉफीबरोबर मैसूरपाकही घेऊन आल्या. आणि चारच दिवसांत त्या मेलेल्याची कॅसेट बाहेर आली. त्यात तो सरकारला चांगला तासभर शिव्या देत होता!

कोपऱ्यावरचे किराणावाले अण्णाची मला कधी नावाने हाक मारत नाहीत, "मिलिंदम्मा" म्हणतात. साखर बांधता बांधता त्यांनी विचारलं, "मिलिंदम्मा, तुमचा माणूस परत उठला म्हणे?"

मी म्हटलं, "अण्णाची, माझा माणूस गिंडीला फॅक्टरीत आहे! तो दुसरा!"

*

त्या शनिवारी अक्कांनी मंडळात ठराव मांडला. "ऐका. आमच्यात माणूस केव्हा गेला म्हणायचा? तेरावा झाला, गोड जेवण झालं, मग गेला. त्याच्या आत कोण काय सांगितलं तरी नाही धरायचं."

मंगलाताई घाबरल्या. "अगंबाई! त्या मेल्याचा तेरावा आपण घालायचा?"

"घालायचा कशाला? मोजायचा!"

ठराव पास. तेव्हापासून टीव्हीवर काहीही येवो, आमच्या मंडळात तेरावा उलटेपर्यंत कुणी माझ्यासमोर कॉफी धरत नसे. आणि गंमत म्हणजे दर वेळी दहाव्याच्या आसपास तो कुठून तरी बोलायचाच!

*

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण घरी एक माणूस हसत नव्हता. आमचे हे.

गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या फॅक्टरीत ह्यांच्याकडे लेथ मशीनचा विभाग. चहाच्या सुट्टीत कुणीतरी म्हणालं, "सर, सगळं इलेक्शनसाठी हो! उगाच मारतात आणि उगाच जिवंत करतात." हे तिथून उठून आले. घरी आल्यावर जेवलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "आपला पोरगा तिथे बर्फात उभा आहे, आणि हे लोक इथे चहा पीत म्हणतात, सगळं खोटं! आणि तुमचं मंडळसुद्धा तेच करतं."

खरंच का? सरकारवर शंका म्हणजे आपल्याच लेकरावर शंका का?

रविवारी मिलिंदचा फोन आला. मी जरा भीतभीतच त्याला सगळं सांगितलं. तेरावा, जावई, चहा, सगळं. पलीकडून नुसती खरखर. मला वाटलं लाइन गेली. मग कळलं, हा हसतोय!

"आई, अक्काआजींना माझा नमस्कार सांग. आमच्याकडेसुद्धा कुणी येऊन सांगितलं की तो संपला, की आमचे साहेब पहिलं हेच विचारतात, कोणी पाहिलं? शंका घेतो म्हणून तर आम्ही धडधाकट आहोत. बाबांना सांग, जेवून घ्या."

हे शेजारीच उभे होते. दुसऱ्या दिवशी फॅक्टरीत त्याच माणसाला स्वतःच्या पैशाने चहा पाजून आले! आणि आल्यावर मला म्हणाले, "कॅप्टनचा बाप आहे मी, शंकेला काय घाबरायचं?"

*

एकदा मंडळाची सहल निघाली, चेन्नईजवळच्या कोवलमला. समुद्र बघायचा, दही-भात खायचा, परत यायचं. आमची सिटी बस समुद्रकाठच्या ईसीआर रस्त्याला लागली आणि ड्रायव्हरच्या रेडिओवर बातमी, तो मेला!

अख्ख्या बसमधे भांडण पेटलं. मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या बाया मागून ओरडल्या, "बॉडी एंगे? बॉडी कुठाय?" पुढचे एक पांढऱ्या शर्टातले गृहस्थ म्हणाले, "सरकार सांगतंय म्हणजे खरंच!" एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "अंकल, मागच्या वेळीही सरकारनेच सांगितलं होतं!" मंगलाताई तमिळमधे काही म्हणायला गेल्या, ते मराठीतच झालं. अक्का शांतपणे बोटं मोजायला लागल्या. तेरावा कुठल्या वारी येतो ते.

शेवटी कंडक्टर शिट्टी मारून ओरडला, "तो मेलेला असू दे नाही तर जिवंत! माझ्या बसमधे बसला तर त्यालाही तिकीट लागेल! बोला, तिकीट कुणाचं राहिलंय?"

पांढऱ्या शर्टातल्या गृहस्थांचंच राहिलं होतं.

*

त्या खेपेचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला आणि मंगलाताई पहिल्यांदा सरकारवर चिडल्या. मोठा विश्वास टाकणारं माणूस चिडलं की फार चिडतं! तरातरा पेपर घेऊन आल्या. "अक्का, बघा, बघा! हे परत तुमचेच जावई! तोच धूर, तेच दगड! निदान फोटो तरी नवीन काढायचा!"

अक्कांनी पेपर बघितला आणि तिथल्या तिथे मैलापूरला फोन लावला. लेकीला म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला सांग, दाढी काढ. दोन वेळा मारून झालं त्याला."

पोंगलला जावई आले ते गुळगुळीत होऊन! आमच्यातल्या निम्म्या जणींनी त्यांना ओळखलंच नाही.

*

आणि आता शेवटचा. हा मी सगळ्यात मागे ठेवते.

त्या शनिवारी टीव्हीवर काहीच नव्हतं. ब्रेकिंग नाही, फोटो नाही. बऱ्याच दिवसांत तो मेलाच नव्हता. सकाळी अण्णाचींच्या दुकानात गेले, तर त्यांनी न मागता ताज्या कॉफी पावडरचं पाकीट पिशवीत टाकलं. मी म्हटलं, "हे कशाला? मला चालत नाही, माहीत आहे ना?" तर म्हणाले, "असू दे घरात, मिलिंदम्मा. दर महिन्याला तुमच्यासाठी एक बाजूला ठेवतो मी. जुनं झालं की माझ्या घरी वापरतो, नवं ठेवतो. आज वाटलं, देऊन टाकावं."

दुपारी भजन रंगात आलेलं. हे बाहेरच्या खोलीत आवाज बारीक करून टीव्ही बघत बसलेले. गेट वाजलं. मंगलाताईंची पेटी मधेच थांबली.

दारात मिलिंद. काळा पडलेला, वाळलेला, खांद्यावर भली मोठी ट्रंक. ह्यांनी उठून आधी ट्रंक घेतली, मग त्याला जवळ घेतलं. मी हातातल्या टाळांसकट दाराशी धावले.

त्याने बूट काढले, हातपाय धुतले, देवाला नमस्कार केला, मला केला, अक्कांना केला. अक्कांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. अक्कांनी हळूच विचारलं, "कण्णा, बाळा, खरं सांग. तो..."

तेवढ्यात बाहेर टीव्हीवरची बाई सांगत होती, "म्होरक्याचा शोध अजूनही सुरू असल्याचं सरकारी सूत्रांनी..."

मिलिंदने त्या आवाजाकडे बघितलं. मग अक्कांकडे. मग माझ्याकडे.

"आई," तो म्हणाला, "दोन कप कॉफी टाक. एक तुला."

अक्कांनी तेरावा मोजला नाही; नवस पोराच्या येण्याचा होता, आणि पोरगा समोर होता. स्वतः उठून त्यांनी दूध ठेवलं.

तुमच्याही गल्लीत कुणाचा मुलगा असा लांब गेला असेल. टीव्हीवर काही आलं, तर त्याच्या आईकडे धावत जाऊन सांगू नका. पण कॉफीच्या पावडरीचं एक ताजं पाकीट तेवढं तिच्यासाठी बाजूला काढून ठेवा. एवढं कराच.