रिकिबीला गादी

सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या बाबांनी, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर घोडी घेतली, तेव्हा घरात सगळ्यांनी कपाळाला हात लावला. घर आमचं पोशेऱ्याला. लग्नसराईत घोडी जव्हार-मोखाड्याच्या वरातीत नवरदेवाला मिरवायची, बाकी वर्षभर नुसती खायची. पुढे बाबांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि त्यांचं घोडीवर बसणं सुटलं. मग मीच म्हटलं, "बाबा, मला शिकवा."

मी शाळेत शिकवते. शिकणाऱ्याचे किती हाल होतात हे पार विसरले होते. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात बाबा दोर धरून उभे, घोडी त्यांच्याभोवती गोल फिरत्येय आणि वर मी. "टाच खाली!" ते ओरडायचे. टाच खाली दाबली की गुडघा बाहेर उघडायचा, गुडघा मिटला की टाच पुन्हा वर. रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या लोखंडी कडीत, माझं पाऊल ओल्या साबणासारखं सरकायचं.

"बदकासारखी बसत्येस," बाबा म्हणाले.

"बदक पोहतं हो, बाबा!" मी वरूनच सांगितलं.

मी मोबाइलवर शोध घेतला. पायाची ठेवण सुधारायला रिकिबीत बसवायच्या रबरी गाद्या मिळतात म्हणे.

"रिकिबीला गादी? ती काय खुर्ची आहे?" बाबांनी उडवून लावलं. तरी ओसरीवर माझ्या शेजारी येऊन बसले.

नुसती खडबडीत गादी घेतली तर पाऊल सरकणार नाही, पण टाच तशीच राहील. उतरती घेतली तर पुढची बाजू उंच, म्हणून टाच आपोआप खाली. आम्ही उतरती ठरवली. तेवढ्यात तिसरी वस्तू दिसली: खोगिराचा पट्टा अडकवायची वरची कडी आडवी वळवलेली रिकीब. तिचं तोंड आधीच पुढे असतं, त्यामुळे गुडघ्याला पीळ पडत नाही. हे मी मोठ्याने वाचलं आणि बाबांनी खिशातला चष्मा काढला.

"हीपण घेऊ," ते म्हणाले. "तुझ्यासाठीच."

पार्सल मोखाड्याहून आणलं आणि बाबांनी मोठ्या उत्साहाने नव्या रिकिबी लावून त्यांत गाद्या बसवल्या. उलट्या. जाड बाजू मागे. घोडी दुडक्या चालीने निघाली, माझ्या टाचा वर गेल्या आणि मी थेट तिच्या मानेला मिठी मारली. घोडीने थांबून मागे वळून पाहिलं. बाबा हसता हसता बांधावर बसले.

गाद्या सुलट्या केल्या आणि काय सांगू! टाच खाली, पाय घोडीच्या पोटाशी शांत. पहिल्यांदाच मला वाटलं की मी घोडीवर बसले आहे, टांगलेली नाही.

"उतर जरा. रिकीब बघतो," बाबा म्हणाले. बघायला म्हणून ते चढले ते शेताला चार फेऱ्या मारूनच आले.

"दुखला का गुडघा?"

"नाही ना!" त्यांचा चेहरा फुलला होता.

तेव्हापासून घोडी एक आणि स्वार दोन. त्यांचे पाय लांब, माझे आखूड, म्हणून रोज पट्ट्याच्या भोकांवरून वाद. रविवारी ते चहाला म्हणून घोडीवरून मोखाड्याला जातात आणि जेवायलाच परततात. घोडी मात्र बारीक झाली. परवा वरातीची जरीची झूल तिला ढगळ झाली, तेव्हा सासूबाईंनी झुलीला टाके घातले आणि आम्हा दोघांना समोर बसवून चांगलं झापलं.