तिसरं दुकान

आमच्या ह्यांना सायकलीचं काम एका म्हाताऱ्या मुसलमान मिस्त्रीनं शिकवलं. दारव्ह्याच्या बाजारालगत त्याचं टिनाचं दुकान होतं. म्हातारपणानं त्याचे हात थरथरू लागले तेव्हा त्यानं ते ह्यांच्या हवाली केलं आणि पैसे जमतील तसे दे म्हणाला. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. माझ्या पायातले चांदीचे तोडे मोडले आणि दोन-तीन जुन्या सायकली घेतल्या. त्या तासाच्या भाड्यानं जाऊ लागल्या. बाजाराच्या दिवशी तर एकही सायकल दुकानात दिसायची नाही. सगळे ह्यांना 'मिस्त्री' म्हणायचे. आमच्या वस्तीतल्या माणसाला गावानं त्याच्या कामावरून हाक मारावी, ह्याचंच आम्हाला केवढं अप्रूप!

धंदा बसला तसं ह्यांच्या मनात नेर घोळू लागलं. तिथं कापसाचा बाजार होता, एस्टी थांबत होती, आणि भाड्याची सायकल कुठं मिळत नव्हती. हे बँकेत गेले. तिथल्या साहेबानं तारण काय देता विचारलं. घर वस्तीतलं, त्याचा कागद कुठं होता? सोसायटीत गेले तर तिथं जामीन मागितला, तोही जमीनवाला. आमच्यासाठी सही करील असा जमीनवाला कोण होता?

शेवटी पैसा उभा राहिला तो वस्तीतल्या बायकांच्या भिशीतून. भिशी मी चालवत होते. कोणी लग्नासाठी, कोणी छपरासाठी पैसे टाकायच्या. त्यांनी पहिली उचल मला दिली. "आपल्या माणसाचं दुसऱ्या गावात दुकान होऊन राह्यलं," असं त्या पाणवठ्यावर सांगत फिरायच्या.

नेरला ह्यांनी माझ्या आतेभावाला बसवलं. पंक्चर शोधायला घमेलंभर पाणी लागतं. शेजारच्या हॉटेलवाल्यानं ते दिलं नाही, जवळच्या विहिरीवर कोणी चढू दिलं नाही. आतेभाऊ गावाबाहेरच्या वस्तीतून घागर भरून आणायचा आणि तेच पाणी पार काळं होईस्तोवर वापरायचा. तरीही दुकान चाललं. घरात दोन वेळची चूल पेटत होती, भिशीचे पैसे वेळेवर परत जात होते. मला त्यात सगळं आलं होतं. ह्यांना नाही.

त्याच सुमारास धाकट्या नणंदेचा नवरा राजूरच्या कोळशाच्या खाणीत दगडाखाली सापडला. मूलबाळ नव्हतं. खाणीनं भरपाई दिली ती घेऊन ती आमच्याकडे आली आणि गाठोडं भावापुढं ठेवलं.

"भाऊ, हे घे. राजूरले दुकान टाक."

"तुह्या नवऱ्याच्या जिवाचे पैसे हायेत ते. मी कायले घेऊ?"

"मंग मी ठेवून काय करू? सासरा मागून राह्यला, दीर मागून राह्यला. कोणाच्या ना कोणाच्या हाती जातीलच. तुह्या हाती गेलेले बरे. मले तेवढं दुकानात बसू दे."

रात्रभर ह्यांना झोप नव्हती. मी म्हटलं, "दोन चालून राह्यले, तेच सांभाळा ना जी."

"दोन दुकानाईत पोट भरते," हे म्हणाले. "मले पोटाच्या पुढं जायचं हाये."

नणंदेच्या पैशात जागा आली, टिनं आली, हत्यारं आली. पण राजूरला भाड्याच्या जुन्या सायकलींवर भागणारं नव्हतं. खाणीतल्या मजुरांना स्वतःची नवी सायकल हवी होती, पगाराला हप्ता देऊन. नव्या सायकली उधारीवर द्यायला यवतमाळचे एक शेठ तयार झाले. त्यांची अट सरळ होती. पैसे फिटेपर्यंत तिन्ही दुकानांतला माल तारण.

"तिन्ही काहून, शेठ? माल तं एकाच दुकानाले देऊन राह्यले तुम्ही."

"एकट्या राजूरच्या भरवशावर मी कसा देऊ मिस्त्री? ते दुकान तर अजून उभं पण नाही."

ह्यांनी सही केली. दुसरं कोण देणार होतं?

राजूरचं पहिलं वर्ष मी आजही मनातून काढू शकत नाही. पगाराच्या दिवशी नणंद दुकानासमोर खुर्ची टाकून बसायची, मजूर हप्ता आणून द्यायचे. तिला प्रत्येकाचं गाव ठाऊक, प्रत्येकाच्या बायकोची खबर ठाऊक. नवरा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं ते तिथंच. हे परत आले की म्हणायचे, "पोरगी शेठानी झाली."

मग खाणीत पाणी फुटलं. माणसं वाचली, पण खाण बंद पडली. पंप आणतात, आज उपसतात, उद्या उपसतात, असं म्हणता म्हणता मजूर निघून गेले. ते लांबलांबचे, बिनपगारी किती दिवस बसणार? जाताना सायकली नेल्या, नाहीतर वाटेत विकून भाडं-भाकरी केली. ह्यांनी त्यांना कधी चोर म्हटलं नाही. म्हणायचे, "विकाले दुसरं होतंच काय त्यांच्यापाशी?"

शेठचा हप्ता मात्र थांबत नव्हता. तो नेरच्या गल्ल्यातून जाऊ लागला. मग नेरला नवे टायर-ट्यूब घ्यायला पैसे उरेनात. सायकली भिंतीला टेकून राहू लागल्या. समोर दुसऱ्यानं दुकान घातलं, गिऱ्हाईक तिकडं गेलं. मग दारव्ह्याचा गल्ला. चांगली चालणारी दोन दुकानं बंद पडलेल्या तिसऱ्याच्या पाठी रिकामी होत गेली, आणि आम्ही ते उघड्या डोळ्यांनी पाहत होतो. राजूर सोडून द्या, असं मी एकदा म्हणाले. "सोडून देलं तं शेठ तिन्ही उचलते," हे म्हणाले. नाही सोडलं, तरी त्यानं उचललीच.

माल न्यायला ट्रक आला तेव्हा शेठ स्वतः आले होते. आवाज चढवला नाही. "मिस्त्री, तुम्ही माणूस चांगले. पण मलाही वर कंपनीला पैसे भरावे लागतात," म्हणाले. ते खोटं नव्हतं. राग धरावा असा माणूसच समोर नव्हता, म्हणून राग कुठं ठेवावा तेही कळेना.

दारव्ह्याचं दुकान दुसऱ्यानं घेतलं आणि ह्यांनाच रोजानं ठेवलं. त्याच टिनाखाली हे दुसऱ्याच्या सायकलींत हवा भरू लागले. वस्तीतल्या बायकांचं देणं मी जिनिंगमध्ये कापूस निवडून, थोडं थोडं करून फेडलं. कोणी तोंडावर बोललं नाही, पण त्यानंतर भिशी मात्र बंद पडली.

खाण पुढं अर्धीमुर्धी सुरू झाली. नणंद कोळसा भरायच्या कामाला लागली. बुद्धपौर्णिमेला आली तेव्हा तिच्या नखांत काळं बसलं होतं, बोलता बोलता खोकला यायचा. जेवायला बसल्यावर हे एकदम म्हणाले, "बाई, तुहे पैसे..."

"मले काई नाई पाह्यजे भाऊ. तू जेव."

हे ताटावरून उठले. तिनं स्वतःचं ताट कसंबसं संपवलं, मला भांडी घासू लागली आणि सकाळच्या गाडीनं गेली. त्यानंतर ती आली नाही. आपल्यामुळं भावाचं जेवण सुटतं, असं तिनं येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ सांगितलं होतं म्हणे. दोन पावसाळे गेले, आणि तिच्या छातीचा आजार वाढून ती गेल्याचा निरोप आला. हे पोचले तेव्हा शेजाऱ्यांनी तिला माती देऊन टाकली होती.

पुढं बँका सरकारनं घेतल्या. त्याच हिवाळ्यात बँकेचा एक तरुण साहेब बाजारात दुकानादुकानांतून फिरू लागला. आता लहान धंद्यालाही कर्ज मिळेल, म्हणायचा. कोणीतरी त्याला ह्यांचं नाव सांगितलं असावं. तो मुद्दाम आमच्या घरी आला. भला मुलगा होता, जमिनीवर बसला, चहा घेतला.

"तुमच्यासारख्या कारागिरालाच द्यायचंय मिस्त्री. एक दुकान टाका, जमलं तर पुढं दुसरं."

ह्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "साहेब, तुमी लय चांगलं सांगून राह्यले. पण मले आता नाई जमत."

तो गेल्यावर मी म्हटलं, "घ्या ना जी. हेच तं आपण त्या वक्ती मागतलं होतं."

"कोणाले बसवू दुकानात?" हे म्हणाले.

पगाराच्या दिवशीची राजूरची ती खुर्ची माझ्या डोळ्यांपुढं आली. साहेब आणखी एकदोनदा येऊन गेला. मग त्याची बदली झाली.