रागावता येणारा फोन

त्या दुष्काळी वर्षांत आमच्या इमारतीत नळाला पाणी कधी येईल हे कुणीच खात्रीनं सांगू शकत नव्हतं. जायकवाडीनं तळ गाठल्याची बातमी पेपरात असायची आणि त्याच पानावर शहराबाहेर, हर्सूलच्या पुढं होणाऱ्या नव्या फ्लॅटांची जाहिरात. आम्हीही अशीच जाहिरात बघून तिथं राहायला गेलो होतो. खिडकीबाहेर दिवसभर खोदकाम चालायचं. धूळ इतकी की सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहावं.

मी शहरात, औरंगपुऱ्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढायची. हात नकाशावर आणि जीव घरी. टँकर आला का? टाकीत किती पडलं? बाबांनी वाफ घेतली का? मी सारखी उठून गॅलरीत जायची, खाली रिक्षांची गर्दी बघायची आणि काही न करता परत येऊन बसायची.

घरी बाबा एकटे असायचे. जन्मभर कोर्टात इंग्रजी टायपिस्ट म्हणून काम केलेला माणूस. निवृत्तीनंतर त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. गळ्याशी एक छिद्र राहिलं, श्वास तिथून. त्यावर ते पातळ सुती रुमाल बांधायचे. आवाज कायमचा गेला.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही त्यांना पाटी-पेन्सिल आणून दिली. पण बाबांचं वाक्य लिहून होईस्तोवर बोलणं भलतीकडंच गेलेलं असायचं. मग ते अर्धं लिहिलेलं तळहातानं पुसून टाकायचे. हळूहळू त्यांनी पाटी उचलणंच सोडलं. पाहुणे आले की नुसती मान हलवायचे. लोक म्हणायचे, किती शांत झालेत हो. मला ते ऐकून कसंतरी व्हायचं, कारण बाबा शांत माणूस कधीच नव्हते. ते वाद घालणारे, टेबलावर हात आपटणारे होते.

माझ्याकडं तेव्हा एक फोन होता. स्मार्टफोन नुकते लोकांच्या हातात दिसू लागले होते, तेव्हाचा. वर लहानसा चौकोनी पडदा, खाली इंग्रजीची सगळी अक्षरं, प्रत्येकाला वेगळं बटण. इंटरनेट चालायचं, मेल यायचे. पण फोटो असे यायचे की माणूस आहे की झाड ते कळू नये. ऑफिसातले त्याला कॅल्क्युलेटर म्हणायचे. "अहो मॅडम, हा आता टाकून द्या," असं दर आठवड्याला कुणीतरी सांगायचं. मी म्हणायची, उन्हात साइटवर उभं राहून याचा पडदा दिसतो, बॅटरी दोन दिवस जाते, ओल्या हातानं नंबर लागतो, पडला तर उचलून खिशात टाकता येतो. मला अजून काय पाहिजे? ते हसायचे.

एका रविवारी टाकी बघायला गच्चीवर जाताना मी तो बाबांच्या हातात दिला. परत आले तर ते दोन्ही अंगठ्यांनी भराभर काहीतरी दाबत होते. नजर फोनकडं नव्हतीच, खिडकीबाहेर होती. टाइपरायटरवर जी अक्षरं जिथं असायची तिथंच ती इथंही होती. चाळीस वर्षांची बोटं, त्यांना बघायची गरजच नव्हती. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं : "टाकीचं झाकण नीट लाव. मागच्या वेळी कबुतर पडलं होतं."

एवढं लांब वाक्य मी त्यांच्याकडून कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी माझ्यासाठी एक साधा फोन घेतला आणि हा त्यांना देऊन टाकला.

मग टँकरचं काम बाबांनी स्वतःहून अंगावर घेतलं. टँकरवाल्याला मेसेजवर मेसेज. तो बिचारा मला फोन करायचा. "ताई, तुमचे बाबा लई मेसेज करतेत हो. येतो म्हणलं तर इचारतेत, नेमका कुठं हायस? सिल्लोड नाक्यावर हाय म्हणलं तर म्हणतेत, मग हॉर्नचा आवाज का नाय आला!" टँकर मात्र आमच्याकडं वेळेवर यायला लागला. शेजारच्या इमारतीतली माणसंही बाबांना विचारायला येऊ लागली. बाबा उत्तर टाइप करायचे आणि पडदा त्यांच्यापुढं धरायचे, कोर्टात साहेबापुढं कागद धरावा तसा.

दिवाळीत दादा पुण्याहून आला. बाबांसाठी नवाकोरा मोठा फोन घेऊन. सगळा काचेचा, एकही बटण नाही. मोठ्या हौसेनं त्यानं तो सुरू करून दिला. बाबांनी दोन दिवस मनापासून प्रयत्न केला. पण काचेवर बोटाला काही लागेना. एम, एन, बी एकमेकांत जायचे. मोतीबिंदूमुळं अक्षरांवर नजर ठरायची नाही, आणि कोरड्या पडलेल्या बोटांना तर ती काच कधी दाद द्यायची, कधी नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो फोन पुसून खोक्यात ठेवला आणि खिशातून जुना काढला.

दादाला लागलं. स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "मी आणलाय म्हणून वापरत नाहीत."

"तसं नाहीये रे. त्यांना बटणं लागतात."

"अगं, जग कुठं चाललंय! त्या फोनची कंपनी आता तसे फोन बनवतसुद्धा नाही. तूच त्यांना मागं धरून ठेवलंयस."

"तू डोळे मिटून त्या काचेवर एक वाक्य लिहून दाखव," मी म्हटलं. पुण्याला जाताना तो खोकं मात्र इथंच ठेवून गेला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी फोनची मधली दोन बटणं बसली. धूळ आत गेली होती. बाबांचा अस्वस्थपणा मला बघवेना. नको ती अक्षरं उमटायची, ते पुन्हापुन्हा पुसायचे, येरझाऱ्या घालायचे. मी जेवणाच्या सुट्टीत औरंगपुऱ्यातली मोबाइलची दुकानं पालथी घातली. एका बोळातल्या दुकानदारानं फोन उलटापालटा केला. "बाजी," ताई म्हणावं तसा तो म्हणाला, "इसका माल अब कहाँ आता! फेक दो, नया ले लो."

"नया नको, हाच पाहिजे."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. वडिलांचं सांगितल्यावर आत गेला आणि भंगारात पडलेला तसलाच एक बंद फोन घेऊन आला. त्याची बटणांची पट्टी काढून आमच्याला बसवली. पट्टी लाल होती, फोन काळा. बाबांनी ती अंगठ्यानं चाचपली आणि पहिला मेसेज पाठवला तो टँकरवाल्याला.

त्याच वर्षी मे महिन्यात दादा पुन्हा आला. या वेळी बाबांना घेऊन जायला. दुपारची वेळ, पंखा गरम हवा फेकत होता. दादा बाबांसमोर बसला आणि समजावू लागला. इथं पाणी नाही, धूळ आहे, गळ्याचं छिद्र उघडं, इन्फेक्शन झालं तर? पुण्यात चोवीस तास पाणी, चांगले डॉक्टर. त्याचं काहीच खोटं नव्हतं. मी दारात उभी होते आणि खरं सांगायचं तर मलाही त्या वेळी वाटत होतं, जावं बाबांनी.

बाबा मान खाली घालून बसले होते. दादाला वाटलं, ऐकून घेतायत. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं काढून बघितला. पुन्हा वाजला. पुन्हा. बाबांचे अंगठे टेबलाखाली चालले होते.

"मला विचारलंस का?" पहिला. "तिथं मी काय करू? औषधं घेऊ आणि झोपू?" दुसरा. "इथं सकाळपासून तीन माणसं मला पाणी विचारायला आली." तिसरा. आणि मग लागोपाठ, पूर्णविराम नाही, काही नाही : "लहानपणी तुला टायफॉइड झाला तेव्हा मी तुला मुंबईला पाठवलं होतं का"

दादा म्हणाला, "बाबा, तसं नाही..." तो पुढं बोलायच्या आत आणखी दोन मेसेज येऊन पडले. बाबांचा चेहरा लाल झाला होता, गळ्यावरचा रुमाल श्वासानं वरखाली होत होता, आणि त्यांनी एक हात सोडवून टेबलावर आपटला. पाण्याचा तांब्या हलला.

दादा थांबला. फोनकडं बघत राहिला. मला वाटलं आता भांडण पेटणार. पण त्याचे डोळे भरले आणि तो हसायला लागला. "अगं, हे रागावलेत," मला म्हणाला. "बाबा रागावलेत!"

ऑपरेशननंतर दादानं बाबांना फक्त मान हलवताना बघितलं होतं, नाहीतर दिवाळीत त्या काचेशी झटताना. राग यायला वेग लागतो. पाटीवर लिहिता लिहिता तो विरून जातो, आणि त्या काचेवर अक्षरं शोधण्यातच संपतो. दादाला त्या दुपारी तो राग पुरेपूर मिळाला.

पुण्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. वाफेचं चांगलं मशीन घेऊन दिलं, खिडक्यांना ओल्या वाळ्याचे पडदे लावले आणि स्वतःच टँकरवाल्याला भेटून आला. काचेचा फोन परत घेऊन गेला. त्यानंतर तो मला फोन कमी करायचा आणि बाबांना मेसेज जास्त. क्रिकेटवरून, राजकारणावरून दोघांची रोज जुंपायची. मी ऑफिसातून आले की बाबा मला पडदा दाखवायचे : "तुझ्या भावाला काही कळत नाही."

माझी घालमेल काही संपली नाही. पुढच्याही उन्हाळ्यात पाणी तसंच, खोदकाम तसंच. पण औरंगपुऱ्याच्या गॅलरीत उभं राहून घरी काय चाललं असेल याचा विचार करताना, आता तिथं एक माणूस कुणाशी तरी कडाकडा भांडत असेल, एवढं मला माहीत असायचं.