मनूचं औषध आणि वयनी

वयनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मनूचं औषध पिचकारीत भरत होते. वयनीला चिपळूणच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तिथनं पुतण्या बोलत होता. "काकी, आई गेली..." एवढंच म्हणाला. मी पिचकारी खाली ठेवली नाय. औषधाची वेळ झाली होती. पोरीनं तोंड घट्ट मिटलं. "मोठी आजी कधी येणार? तीच देऊ दे."

वयनी म्हणजे माझी थोरली जाव. दोघींचे घरवाले मुंबईला नोकरीत, तिथंच थकले, तिथंच गेले. शेत, गुरं, अंथरुणावरची सासू, सगळं आम्ही दोघींनी ओढलं. तेव्हा रडायला सवड नव्हती. आता सवड हाय तर रडू येत नाय.

मनू माझी नात. तिला फिट येतात. मुलगा-सून मुंबईत कामाला, फिटवाल्या पोरीला पाळणाघरात कोण घेईना, म्हणून माझ्याकडं आणून सोडली. डॉक्टर म्हणाले, औषध सकाळ-संध्याकाळ, चुकवायचं नाय. सांगायला काय जातं... पोरगी सगळं थुंकायची. आमच्याकडं पोराला मांडीवर आडवं घेतात, नाक दाबतात आणि तोंड उघडलं की चोचीच्या बोंडल्यानं ओततात. आम्हीपण तेच केलं. मी हात धरले, वयनीनं नाक दाबलं. पोरीला असा ठसका लागला, ओठ निळे पडले. बोंडलं त्या दिवशी फळीवर गेलं ते गेलंच.

मग वयनीनं औषध पेजेत ढवळलं. "गोड पेज हाय, खा." पोरीनं चार घास खाल्ले, वाटी सरकवली. असं काही दिवस चाललं आणि एका सकाळी मनू अंगणात पडली, हातपाय झाडायला लागली. डॉक्टर म्हणाले, "अर्धी पेज राहिली म्हणजे अर्धं औषध राहिलं, आजी." त्यांनी बिनसुईची पिचकारी दिली, गालाच्या आत हळूहळू सोडायचं दाखवलं. पण पोरगी आता पेजेलाच शिवेना. भात, दूध, सगळं आधी हुंगायची. वयनी चुलीपुढं बसून म्हणाली, "आपण तिला फसवलं गो. आता तिला आपला हातच नको."

दुसऱ्या दिवशी वयनीनं औषधाचा थेंब स्वतःच्या जिभेवर घेतला. तोंड असं वाकडं केलं, मनू बघतच राहिली.

"शी! कारल्याचा बाप हाय हा!"

"मग गोड का सांगितलं?"

"आम्ही खोटारड्या म्हाताऱ्या. आता खरं सांगते. कडू हाय बाय, पण घ्यायला लागतं. पिचकारी तू धर, मी नुसती ढकलते. मागनं आंबापोळी."

मी म्हटलं, "घरवाल्याला कधी खरं सांगितलं नायस, पोरीला बरी सांगतेस."

"त्याला कुठं फिट येत होत्या?"

लगेच जमलं असं नाय. थुंकली, रडली, वयनीचं लुगडं भरवलं. वयनी कंटाळायची, पण उठायची नाय. हळूहळू पोरगी गिळायला लागली.

तर त्या दिवशी फोन ठेवला तोवर बोलणं ऐकून शेजारीण आली. ती मनूला म्हणाली, "मोठी आजी गावाला गेलीय हां." पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, "नाय बाय. मोठी आजी मेली. आता येणार नाय. आणि औषध आता माझ्याच हातनं घ्यायला लागेल." शेजारणीनं कपाळाला हात लावला. मनू खूप रडली. मी थांबले. रडून झाल्यावर तिनं स्वतः पिचकारी धरली. आंबापोळी मागितली नाय.

आता महिना होऊन गेला. पडवीतल्या ज्या खांबाला टेकून वयनी बसायची, तिथं तिच्या डोक्याच्या तेलाचा काळा डाग पडलाय. गणपतीला घराला रंग लावू म्हणतो मुलगा. मी म्हटलं, तो खांब सोड. मनू तिथंच टेकून औषध घेते. तिचं डोकं त्या डागापासून अजून हातभर खाली राहतं... डॉक्टर म्हणतात, औषध अजून बरीच वर्षं घ्यायचंय.